वकिली कोर्टात शिकायची, मग कॉलेजात काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. अशिलाशी बोलणं, मसुदे करणं, वाटाघाटी करणं हे विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून शिकवावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की वकिली सिनियरच्या हाताखालीच येते, कॉलेजनं कायद्याची तत्त्वं पक्की करून द्यावीत आणि थांबावं. मी म्हणतो तसं झालं तर तत्त्वं बाजूला पडतील आणि नुसते कागद भरणारे कारकून बाहेर पडतील. शिवाय तुम्ही स्वतः सिनियरकडेच घडलात आणि त्यात काही कमी पडलं नाही, हेही तुम्ही लिहिलंत.

तत्त्वांची काळजी आधी घेतो, कारण ती मलाही आहे. इंग्लंडमध्ये होतकरू वकील वर्षानुवर्षं सिनियरच्या कचेरीत बसून दस्तांच्या नकला करायचे. ज्याला फक्त कामच शिकवलं जातं, त्याला कामापलीकडचं कधीच कळत नाही, अशा अर्थाचं इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोननं १७५८ साली ऑक्सफर्डमध्ये म्हटलं होतं. ते आजही खरं आहे. पण हा आक्षेप त्यानं घेतला तो उमेदवारीच्या पद्धतीवर. म्हणजे 'सिनियरकडे शिकेल' या भरवशातल्या उणिवा दिसल्या म्हणून तर कायद्याचं शिक्षण विद्यापीठात आणावंसं वाटलं.

विद्यापीठात आल्यावर मात्र ते दुसऱ्या टोकाला गेलं. लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डच्या विधी शाखेचा डीन झाला. कायदा हे शास्त्र आहे आणि ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा, अशी त्याची धारणा होती. विद्यार्थ्यांनी वरिष्ठ न्यायालयांचे निकाल वाचायचे, शिक्षकानं प्रश्नांवर प्रश्न विचारून त्यातून तत्त्व काढून घ्यायचं. ही पद्धत जोरकस आहे, हे मी मनापासून मानतो. दोन निकालांतला नेमका फरक कुठे आहे हे शोधायला लावणारी याहून चांगली रीत मला माहीत नाही. मी स्वतः तशीच शिकवतो.

अडचण निकालपत्रातच आहे. ते हातात येतं तोवर घटना ठरून गेलेल्या असतात. कोण काय म्हणालं, कोणता कागद खरा, कोणती गोष्ट बिनमहत्त्वाची, हे सगळं खालच्या न्यायालयात आणि त्याआधी वकिलाच्या टेबलावर निवडून झालेलं असतं. अमेरिकन कायदेपंडित जेरोम फ्रँकनं १९३३ मध्ये यावरच बोट ठेवलं होतं. असे विद्यार्थी म्हणजे फक्त तोडलेली फुलं पाहून बागकाम शिकणारे, असं तो म्हणाला. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयात शिकतात तसे कायद्याचे विद्यार्थी खऱ्या अशिलांच्या प्रकरणांवर शिकले पाहिजेत, ही त्याची मागणी होती.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अशिलाशी बोलणं हे 'कसब' आहे, डोक्याचं काम नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. तिथेच माझा तुमच्याशी खरा मतभेद आहे.

आमच्याकडे सरावासाठी एकाला अशिलाची भूमिका देतात. पूर्ण हकिकत त्याला पाठ असते, पण काही बाबी विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत असं ठरलेलं असतं. समजा, एका छोट्या ठेकेदाराचे पैसे थकले आहेत. तो सांगू लागतो, "काम वेळेत संपवलं, बिल दिलं, अर्धेच पैसे हातात पडले..." विद्यार्थी मान डोलावतो आणि वहीत लिहितो, कराराचा भंग. त्यानंतरचे सगळे प्रश्न त्या नोंदीमागून चालतात. करार लेखी होता का? बाकी किती? नोटीस पाठवली का? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. पण ते अर्धे पैसे घेताना ठेकेदारानं एका कागदावर सही केलेली असते, 'हिशेब पूर्ण झाला, यापुढे काही येणं नाही' अशा मजकुराच्या. तो आपणहून हे सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती नुसती पैशांची पोच होती. विद्यार्थी विचारत नाही, कारण त्याच्या डोक्यात खटला केव्हाच उभा राहिलेला असतो. याच मुलाला परीक्षेत विचारा, कमी रक्कम स्वीकारून येणं सोडून दिलं तर काय होतं? तो पानभर बिनचूक लिहील.

नंतर आम्ही त्याला ध्वनिचित्रफीत दाखवतो आणि एवढंच विचारतो, तू ऐकायचं कुठे थांबवलंस? 'अर्धेच पैसे' हे शब्द आले की तो स्वतःच चित्रफीत थांबवतो. त्या क्षणी त्याला जे उमगतं ते करार कायद्याचंच ज्ञान आहे. फक्त ते कायद्याच्या कलमाकडून माणसाकडे न जाता माणसाकडून कलमाकडे जातं. हे डोक्याचं काम नसेल तर मग कोणतं? आणि हे शिकवायला चित्रफीत थांबवून बोलायला वेळ असलेला शिक्षक लागतो. भरल्या कोर्टात पुढच्या तारखेची धावपळ असलेला सिनियर कितीही प्रेमळ असला तरी त्याला ते जमणं कठीण आहे.

अनुभवानं हे आपोआप येतं का, याची पडताळणीही झाली आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या विधी महाविद्यालयात २००५ पासून डॅनियल वेबस्टर स्कॉलर कार्यक्रम चालतो. त्यातले विद्यार्थी मुलाखती, मसुदे, साक्ष नोंदवणं असं सगळं शिक्षक, न्यायाधीश आणि वकिलांच्या नजरेखाली करतात आणि नेहमीची बार परीक्षा न देता त्यांना सनद मिळते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशिलाच्या मुलाखतीच्या चाचणीत त्यांनी सनद मिळून दोन वर्षांपर्यंतचा काळ झालेल्या वकिलांना मागे टाकलं. प्रवेश परीक्षेचे गुण किंवा वर्गातला क्रमांक यांवरून या चाचणीतली कामगिरी सांगता येत नव्हती. एका कार्यक्रमावरून जगाचा निर्णय करू नये, हे मान्य. पण 'अनुभव शिकवतो' म्हणणाऱ्यानं याकडे पाहिलं पाहिजे.

कॉलेजबाहेरच शिकवायचं असेल तर तेही नीट करता येतं. जर्मनीत कायद्याच्या पहिल्या राज्य परीक्षेनंतर दोन वर्षं न्यायालय, सरकारी वकिलाचं कार्यालय, प्रशासन आणि वकिलाची कचेरी असा फेरा असतो, त्या काळात सरकार निर्वाहभत्ता देतं आणि शेवटी दुसरी परीक्षा होते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा वकील) होण्यासाठी नवी परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. महाविद्यालयाच्या कायदा सल्ला केंद्रातलं काम त्या अनुभवात धरलं जाऊ शकतं. यांपैकी काही तुम्ही सुचवलं असतंत तर माझा विरोध फारसा उरला नसता. पण तुम्ही म्हणता ती व्यवस्था ओळखीवर चालते. ज्याच्या घरात वकील आहे त्याला चांगला सिनियर मिळतो. बाकीच्यांना मिळेल तो, आणि बऱ्याचदा विनावेतन.

खर्चाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत मांडलात, पण तोच सर्वांत वजनदार आहे. दोनशे जणांच्या वर्गाला एक शिक्षक व्याख्यान देऊ शकतो, खऱ्या अशिलांचं काम करून घेताना मात्र त्याच्यामागे आठ-दहाच विद्यार्थी असावे लागतात. सगळ्यांना सल्ला केंद्रात घेणं अनेक महाविद्यालयांना परवडणार नाही. म्हणून मी सुरुवात लहान सुचवतो: करार, मालमत्ता आणि फौजदारी कायदा या प्रत्येक विषयात एक प्रकरण निकालपत्रातून न शिकवता कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यातून शिकवायचं. पत्रं, पावत्या, एकमेकांना छेद देणारी दोन निवेदनं. घटना विद्यार्थ्यानं ठरवायच्या आणि त्यावर वादपत्राचा मसुदा करायचा. याला पैसे फारसे लागत नाहीत, शिक्षकाची तयारी आणि तपासणीचे तास लागतात.

शेवटी तुमचं ते वाक्य, 'ज्युनियरनं पहिली दोन वर्षं फक्त ऐकावं'. साहेब, प्रत्यक्षात तसं होत नाही. सिनियर कोर्टात असतो, दारात अशील येऊन बसलेलं असतं आणि हकिकत लिहून घ्यायला ज्युनियरलाच सांगितलं जातं. त्या ठेकेदाराच्या कागदाबद्दल त्यानं विचारलं नाही, तर तो कागद पुढे येतो तो विरुद्ध बाजूच्या कैफियतीत.