एकच आकडा पुरे!

जगाच्या आरोग्यावर चारचौघांत बोलायचं असेल, तर शाळेतलं भूगोलाचं पुस्तक डोक्यातून काढू नका. तुम्ही दहावीला असताना आफ्रिका उपाशी होती ना? मग ती तशीच ठेवा. तुमच्या पोटाचा घेर बदलला म्हणून तिनंही बदलावं असं थोडंच आहे!

हान्स रॉसलिंग या स्वीडिश डॉक्टरपासून मात्र जपा. हा गृहस्थ मोझांबिकमध्ये रोगी तपासून आला आणि पुढे व्यासपीठावर रंगीत बुडबुडे नाचवू लागला. एक बुडबुडा म्हणजे एक देश. उजवीकडे सरकला की श्रीमंत, वर चढला की दीर्घायुषी. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण त्यानं शिकल्यासवरल्यांना जगाविषयी तीन-तीन पर्यायांचे प्रश्न घातले आणि कुठल्याही पर्यायावर बोट ठेवणारा चिंपांझीसुद्धा यांच्यापेक्षा जास्त गुण मिळवेल, असा निकाल लावला. 2007 मध्ये त्यानं भाषणाच्या शेवटी तलवार गिळून दाखवली. तुम्ही तेवढं तलवारीचं सांगा.

आता खरी युक्ती. 2022 मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे 49 लाख मुलं दगावली. याला 365 नं भागा: रोज 13 हजार! ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो. इथेच गप्प बसा. 1990 मध्ये हाच आकडा सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे रोज 34 हजार होता, असं बोललात की हवाच निघाली. उलट कुणाची आरती ओवाळायची असेल, तर ही उतरण तेवढी दाखवा आणि 13 हजारांचं नाव काढू नका. दोन्ही एका दमात सांगितलं, तर टाळी वाजवावी की हळहळावं, हे बिचाऱ्या श्रोत्याला कळत नाही.

लोकसंख्या निघाली की 'स्फोट' म्हणायचंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बाईमागे सरासरी 2 मुलं निघाली, महाराष्ट्रात 1.7. तुमच्या घरी तर एकच. ते अपवादात टाका.

आणि आकड्याची कटकटच नको असेल, तर मोजूच नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नेमकी ही चूक केली. गावोगावी जन्म-मृत्यू टिपले, गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि 1999 मध्ये छापून मोकळे झाले: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली. आधी मोजलंच नसतं, तर हा उपद्व्याप कशाला झाला असता? बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. रजिस्टरात ओळही नसली, की साहेबांचा तक्ता कसा स्वच्छ दिसतो.