हक्क फुकट, मग पुस्तक ३५० ला का? सांगलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धिबळाचे जगज्जेते कापाब्लांका यांचं ‘चेस फंडामेंटल्स’ इंटरनेटवर फुकट मिळत असताना मी ते ३५० रुपयांना विकतोय, स्कॅन करून छापण्यापलीकडं त्यात माझी मेहनत काही नाही, आणि वर पान ८७ वरची आकृती चुकलेली आहे. बुद्धिबळात सांगलीकर आमचे थोरले. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तुमच्याकडं, आमच्या कोल्हापुरात तालमी. तेव्हा ऐकून घेतो, पण सगळं नाही.

हक्कांचं तुम्ही बरोबर सांगितलंत. कापाब्लांका १९४२ साली गेले, आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २००२ संपता संपता पुस्तक मोकळं झालं. पण मोकळं झालं ते १९२१ चं पुस्तक. आज दुकानात मिळणाऱ्या सुधारित आवृत्त्यांमध्ये नव्या संपादकांनी घातलेली भर मोकळी नाही, तिला हात लावता येत नाही. म्हणून मूळ मजकूर घेतला, आणि त्यातल्या चाली जुन्या वर्णनात्मक नोटेशनमध्ये, म्हणजे चाली लिहायच्या जुन्या पद्धतीत आहेत.

हे नोटेशन फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९८१ मध्ये मोडीत काढलं. त्यात दोघं खेळाडू आपापल्या बाजूनं घरं मोजतात. पांढऱ्याचं चौथं ते काळ्याचं पाचवं. ‘घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात’ एवढंच लिहिलेलं असलं, तर राजाकडच्या की वजिराकडच्या उंटाच्या, हे पट मांडल्याशिवाय कळत नाही. राजारामपुरीतल्या क्लासला येणारी दहा वर्षांची पोरं हे वाचणार कशी? स्कॅनमधून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तर उंटाचा (बिशपचा) इंग्रजी ‘बी’ आणि आठाचा आकडा एकच दिसतो. गोष्टीच्या पुस्तकात एक अक्षर चुकलं तर वाचक समजून घेतो. इथं एक आकडा चुकला की पुढच्या वीस चाली पटावर बसतच नाहीत. शेवटी चाली आजच्या नोटेशनमध्ये आणायला माझी मुलगी त्या वाचायची आणि मी पटावर खेळायचो, असा अख्खा उन्हाळा गेला. याला तुम्ही स्कॅन म्हणालात, तेवढं लागलं.

माझा गाढवपणाही सांगतो. आकृत्यांतल्या काळ्या घरांना मी राखाडी टिंट दिला होता. स्क्रीनवर छान दिसायचा. ७० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर शाई पसरली आणि काळ्या घरातला काळा उंट गायबच झाला! जुन्या पुस्तकांत काळ्या घरात तिरप्या रेघा का असतात, ते तेव्हा डोक्यात शिरलं. छपाईवाल्याशी भांडायची सोय नव्हती, प्रूफवर सही माझीच. दोन फॉर्म (एक फॉर्म म्हणजे १६ पानं) नव्यानं छापले, ५,५०० रुपये गेले.

आता हिशेब. डेमी आकाराचे १३ फॉर्म, म्हणजे २०८ पानं, ३०० प्रती. डीटीपी (अक्षरजुळणी) आणि आकृत्या २१,०००, कागद, छपाई, बांधणी ४६,०००, मुखपृष्ठ ४,०००, शिवाय वरचे ५,५००. एकूण ७६,५००, प्रतीमागे २५५. दुकानदार ४० टक्के घेतो, माझ्या हातात २१० येतात, म्हणजे दुकानात खपलेल्या प्रत्येक प्रतीला मी पदरचे ४५ रुपये घालतो. घरून पाठवली तर ९५ उरतात. त्यातले ७० पॅकिंग आणि पोस्टाला, कारण ते मी वाचकाकडून घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं, तो स्वस्त रस्ताही गेला. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागद-छपाईवर भरलेला परत मिळत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मात्र फुकट मिळाला, तेवढं पुण्य सरकारच्या नावावर. कायद्यानं चार प्रती सरकारी ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायच्या असतात, त्या वेगळ्या.

‘मागणी येईल तशी एकेक प्रत छापा’ असंही तुम्ही सुचवलंय. विचारून आलो. प्रतीमागचा दर चढतो आणि बांधणी नुसत्या गोंदाची. बुद्धिबळाचं पुस्तक पटाशेजारी उघडं पडून राहायला पाहिजे, दोन्ही हात सोंगट्यांवर असतात. म्हणून शिलाईची बांधणी घेतली, तिथंच बरेच पैसे गेले. उरलेले गठ्ठे माळ्यावर आहेत. २०१९ चा पूर बघितलेला माणूस कागद तळमजल्यावर ठेवत नाही.

राहिलं पान ८७. तिथं तुमचंच खरं. पांढरा राजा एक घर डावीकडं सरकलाय, त्या स्थितीत पुढची चाल खेळताच येत नाही. मुलगी म्हणते तिनं बरोबर वाचलं होतं, मी सोंगटी चुकीची ठेवली. दुरुस्त आकृतीचं, पानावर चिकटवायचं स्टिकर छापायला टाकलंय. तुमचा पत्ता ईमेलनं कळवा, पाठवतो. आणि आणखी कुठल्या पानावर राजा सरकलेला दिसला तर तेही कळवा, एकाच शीटवर छापून घेतो.