चौथऱ्यावरचं इंजिन

स्टेशनाबाहेर सिमेंटचा चौथरा, त्यावर काळं कुळकुळीत रंगवलेलं छोटंसं इंजिन, भोवती साखळी आणि समोर उद्घाटनाची कोनशिला. आपल्याकडे याला वारसा जतन म्हणतात. अशी इंजिनं बघायला मी मुद्दाम वाट वाकडी करून जातो, म्हणून जरा हक्कानं बोलतो. यातली बहुतेक इंजिनं जतन केलेली नाहीत, नुसती भंगारात जायची वाचली आहेत.

वाफेच्या इंजिनाचा वारसा लोखंडात थोडा आणि ते चालवणाऱ्यांच्या हातात फार असतो, हे माझं मत. थंड इंजिन पेटवून रुळावर आणायचं म्हणजे काही तासांचं काम. विस्तव कुठं जाड ठेवायचा, कुठं पातळ, चढ यायच्या किती आधी कोळसा मारायचा, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत ते चढावर कमी दिसतं की जास्त, हे कुठल्याही माहितीफलकावर मावत नाही. एकानं दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकायची ही विद्या आहे. गाडी बंद झाली की साखळी तुटते, आणि मग इंजिनाला दरवर्षी रंग दिला तरी काय उपयोग?

आपल्याकडे काय होतं ते तर बघा. बार्शी लाईट रेल्वे! लातूर, बार्शी, पंढरपूरकडच्या जुन्या माणसांसमोर नाव काढा, पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, नॅरोगेज लाईन सुरू केली. त्याचं डोकं असं की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि तरीही भरपूर माल जातो. भारतात आणण्याआधी त्यानं ही इंजिनं आणि डबे इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून लोकांना चालवून दाखवले होते. पुढं लाईन पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांमध्ये बार्शीचं नाव आदरानं घेतलं जातं. बार्शीत मात्र आज त्या रुळाचा एक मैलही चालू नाही.

आता कोणी म्हणेल, ब्रॉडगेज नको होतं का? हवंच होतं. लातूरहून रात्री बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला माझ्या हळव्या आठवणींशी देणंघेणं नाही, आणि आषाढीला टपावर बसून पंढरपूर गाठणाऱ्यांना ती गाडी 'हेरिटेज' वाटत नव्हती, अपुरी वाटत होती. गेज बदललं ते बरोबरच केलं. पण सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या जाळ्यातला पाच-सात किलोमीटरचा एक तुकडा, दोन इंजिनं आणि चार डबे चालू ठेवावेत असं ठरवायला कोणी नव्हतं. इंग्रज शहाणे असं म्हणायचंही कारण नाही. याच कॅल्थ्रॉपनं त्यांच्याकडे बांधलेली लीक अँड मॅनिफोल्ड लाईन १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली मोडली. तिच्या जागी आता पायवाट आहे. मात्र १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन ही बंद पडू घातलेली लाईन हौशी लोकांनी स्वतः चालवायला घेतली. रविवारी येऊन खडी ओढणारे, तिकिटं फाडणारे, बॉयलर घासणारे. ती आजही धावते.

आपल्याकडे उरलंय ते माथेरान. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या माणसानं १९०७ साली ही दोन फुटी गाडी नेरळहून वर नेली. चढ ठिकठिकाणी वीस फुटांत एक फूट, आणि वळणं अशी की साधं सहाचाकी इंजिन अडकून बसेल. म्हणून जर्मनीहून आणलेल्या इंजिनांना क्लीन-लिंडनर आस होते. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीत बसवलेला, वळणावर चाकं बाजूला सरकतील असा. डोंगर फोडण्याऐवजी चाकं लवचीक केली! मध्यंतरी मध्य रेल्वेनं तिथल्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलं. फोटो छान येतात. पण मला ते बघून दाढीमिशा लावून उभा केलेला शिवाजी आठवतो, गॅदरिंगमधला. वाफ आपल्याला जमत नाही म्हणावं, तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपनं निलगिरीच्या गाडीसाठी वाफेची कोरी इंजिनं बांधली आहेत, याच शतकात. म्हणजे जमतं.

संग्रहालयांबद्दल तक्रार करतोय म्हणून जाऊ नका असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय बघाच. तिथं बरीच वर्षं ठेवलेलं १८५५ सालचं फेअरी क्वीन हे वाफेचं इंजिन १९९७ साली पुन्हा रुळावर पळवलं होतं, हे जास्त महत्त्वाचं. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथं लोक इंजिनांपाशी फोटो काढून निघतात. तुम्ही आत टोकनचे गोळे, कंदील, सिग्नलचे खटके यांच्यापाशी थांबा. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात शिरणार, एवढ्या साध्या नियमावर एकेरी लाईनवरची टक्कर टळत होती. वाईट इतकंच वाटतं की त्याच शहरातून नागभीडला जाणारी खरीखुरी नॅरोगेज गाडी २०१९ साली बंद झाली. आणि पुण्यात कर्वे रोडवरचं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय! एका माणसाच्या वेडातून उभं राहिलेलं, खेळण्याएवढं. पण तिथं गाड्या चालतात, सिग्नल पडतात, फाटक लागतं. पोरांचे डोळे बघा तेव्हा.

माझी मागणी मोठी नाही. वऱ्हाडातली शकुंतला अजून पूर्ण पुसली गेलेली नाही. कापसासाठी टाकलेली ती अडीच फुटी लाईन, यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर. स्वातंत्र्यानंतरही कागदोपत्री खासगी कंपनीची राहिलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिथंही ब्रॉडगेजची मागणी आहे आणि ती रास्त आहे. फक्त अचलपूर ते पथ्रोट एवढा तुकडा आहे तसा ठेवा. चिखलदऱ्याला जाणारी माणसं परतवाड्यावरूनच जातात, म्हणजे अचलपूरला खेटून. गाडीला प्रवासी शोधायला लागणार नाहीत. लागतील ते फायरमन.

म्हणून एक काम सांगतो. कुर्डुवाडी वर्कशॉप, मूर्तिजापूरचं शेड, मोतीबाग इथून निवृत्त झालेले काका, आजोबा तुमच्या घरात किंवा गल्लीत असतील, तर या रविवारी मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. "जुने दिवस कसे होते" विचारू नका, ते तेच ठरलेलं सांगतील. विचारा, पाऊस पडून रूळ ओले झाले की चाक घसरू नये म्हणून काय करायचात? पाणी कमी पडलं तर बॉयलरमधला शिशाचा प्लग वितळायच्या आत काय करायचात? बॉयलर धुवायला किती माणसं लागायची, आणि पहिलं झाकण कुठलं उघडायचं?