सॅक्सोफोनचा तो फॉरवर्ड

आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर परवा तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. वर माड नि सूर्यास्त, खाली मजकूर: 'पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी सॅक्सोफोन हे पितळी वाद्य गोव्यात आणलं. त्याचे प्रकार म्हणजे नुसते लहानमोठे आकार. हिंदी सिनेमातला प्रत्येक सॅक्सोफोन गोंयकारानेच वाजवला. मात्र यावर राग वाजत नाही. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' मी फोंड्यात राहतो, आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. अभिमान भरपूर आहे, म्हणूनच पुढे पाठवलं नाही.

आधी सनावळी. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. हे वाद्य बनवणारा अदोल्फ साक्स जन्मला १८१४ मध्ये, तोही बेल्जियममध्ये. पॅरिसला त्याला पेटंट मिळालं १८४६ मध्ये. तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गलबतात सॅक्सोफोन असणं शक्यच नाही. पोर्तुगिजांच्या काळात इथे रुजलं ते नोटेशन वाचणं. चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे मास्तर, पोरांकडून सोल्फेजो (दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) घोकून घ्यायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. पुढे मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत जॅझ आला, तेव्हा कागद बघून वाजवणारे गोंयकार तयारच होते.

'पितळी' हा शब्द तर मला फारच झोंबतो. अंग पितळेचं आहे, कबूल. पण ट्रम्पेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात, सॅक्सोफोनमध्ये रीड. ती बोरूसारख्या गवताच्या दांड्यातून तासलेली चपटी पट्टी, बोटाएवढी. आधी तोंडात धरून ओली करायची, मग माउथपीसला लावून वर लिगेचर, म्हणजे ती धरून ठेवणारा पट्टा, आवळायचं. टोक कागदासारखं पातळ. शर्टाच्या बटणाला लागलं तरी टवका उडतो. म्हणून पाश्चात्त्य वर्गवारीत सॅक्सोफोन क्लॅरिनेटच्या पंगतीला, वुडविंडमध्ये, म्हणजे लाकडी सुषिर वाद्यांच्या गटात बसतो. आणि जुलैत आमच्याकडे या रीडला बुरशी धरते, बोटांनी दाबायच्या किल्ल्यांखालचे चामड्याचे पॅड चिकट होऊन सुटताना 'टप्' असे वाजतात. पितळ मात्र पुसलं की चकचकीत.

आता 'नुसते आकार'. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन या नेहमीच्या चौघांची बोटं जवळपास सारखीच, पण पट्टी वेगळी. पेटीवाल्यांच्या भाषेत, आल्टो आणि बॅरिटोनचा 'सा' काळी दोनला, सोप्रानो आणि टेनरचा काळी पाचला. एकदा तालमीत मी घाईत टेनरचा कागद स्टँडवर लावला. बोटं अगदी बिनचूक चालली होती. दुसऱ्या ओळीला पेटीवाल्या काकांनी भाता सोडला आणि म्हणाले, "बाबा, तू खंयच्या गांवांत वाजयता?" तेव्हापासून कागदावर लाल पेनने 'आल्टो' लिहितो.

सिनेमाबद्दल बोलताना आपण गोंयकार जरा जास्तच फुगतो. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावं खोटी नाहीत, त्यांचं काम डोंगराएवढं. पण त्यातले पहिले दोघे व्हायोलिनवाले, तिसरे ट्रम्पेटवाले. हळदोण्याचे चिक चॉकलेटसुद्धा ट्रम्पेटवालेच. फॉरवर्डमध्ये सॅक्सोफोन म्हणून त्यांचा फोटो चिकटवलाय, त्यातही हातात ट्रम्पेटच आहे! आणि राहुल देव बर्मन यांच्याकडचा तो गाजलेला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ते कोलकात्याचे, नेपाळी वंशाचे. त्यांना परस्पर गोंयकार करून टाकणं बरं नव्हे.

राहिला राग. इथून रेल्वेने खाली गेलं की मंगळूर. तिकडचे कद्री गोपालनाथ, वडील नागस्वरम वाजवणारे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याच गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनीही जॅझमध्ये राग आणले. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघते ती जबडा किंचित सैल सोडून आणि किल्ली अर्धवट उचलून. ओठ रीडवर घट्ट दाबून बसलात, तर पेटीसारखे तुटक सूर येणारच. माझा भूपसुद्धा गंधारावरून षड्जावर उतरताना अजून ठेचकाळतो. त्यात सॅक्सोफोनचा काडीचा दोष नाही.