ठोके दिसले होते, तरीही

जिभाऊ, नमस्कार.

माझ्या कुत्रीच्या, मैनेच्या, नसबंदीच्या ऑपरेशनवर मी लिहिलेलं तुमच्या मुलाने तुम्हाला वाचून दाखवलं आणि तुम्ही संतापलात. तो संताप आडपडदा न ठेवता लिहिलात, हे बरं केलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. भादव्यात मैना गल्लीतल्या कुत्र्यांना लागली, सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके दिसले, तरी मी तिची गर्भाची पिशवी काढायला लावली. हे पाप आहे, दत्ताच्या पायाशी बसणाऱ्या जिवाशी केलेला द्रोह आहे. कुत्रीला एक वेत तरी होऊ द्यावं, त्याशिवाय तिची तब्येत धरत नाही. पिल्लं सहज खपली असती, दोन तर तुम्हीच नेली असती. गाभण जनावराचं पोट उघडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत, की तुमच्या मळ्यातली कुत्रीही आठवड्यापूर्वी लागली आहे, गड्याने काठी घालून जोडी सोडवली, आणि मुलगा तिला ऑपरेशनला जळगावला न्यायचं म्हणतो.

त्या शेवटच्या ओळीसाठी हे उत्तर इतकं लांब लिहिते आहे.

ठोक्यांचं आधी बोलते. हो, दिसले. चौथ्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी केली की पिल्लाचं काळीज पडद्यावर लुकलुकताना दिसतं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला होता आणि मी नजर हटवली नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मुका जनावरनी कूस उजाडू नही, पाप लागस." त्यांना मी उलट उत्तर दिलं नाही, तुम्हालाही देत नाही. तुमची-त्यांची भावना खरी आहे. पण पापाचा हिशोब करायचा तर तो जन्मापाशी थांबवू नका, पुढचाही करू.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं पाहिली, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, त्यातली १९ टक्केच उरली. जी गेली त्यातल्या बहुतेकांच्या मरणाला माणूस या ना त्या प्रकारे कारण होता. तो बंगाल आहे हे मला कळतं. पण आपल्याकडे वेगळं काय होतं? कुत्री विते ६३ दिवसांच्या आसपास. भादव्यात लागलेली कार्तिक-मार्गशीर्षात विते, ऐन थंडीत. पिल्लं अंगावरून सुटतात तोवर पार्व्हो विषाणूची हगवण एकेका वेताला साफ करून जाते. जी तगतात त्यातली काही हायवेवर गाड्यांखाली येतात, आणि त्यातूनही उरलेली मे महिन्यात, भुसावळचा पारा ४५ वर जातो तेव्हा, गटारीच्या पाण्यावर दिवस काढतात. पोत्यात घालून तापीच्या काठाला सोडलेली पिल्लं तुम्हीही पाहिली असतील. ती सोडणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने "होऊ दे, जाईल कोणी घेऊन" म्हटलेलं असतं.

"खपली असती" असं तुम्ही म्हणता. मैनेचं ठरवण्याआधी मी हेच विचारत फिरले होते: भुसावळात, फैजपूरला, नात्यात, मळ्यांवर. पिल्लू पाहिजे म्हणणारे बरेच निघाले, आणि जवळजवळ प्रत्येकाने पुढे जोडलं, "नर असला तर." मादी कोणालाच नको, कारण वर्षभरात तीही माजावर येणार आणि दारात कुत्र्यांचा घोळका बसणार. वेतात निम्म्या माद्या धरून चालावंच लागतं. जिभाऊ, तुम्ही नेली असती त्या दोन पिल्लांत एक तरी मादी असती का? मी टोचून विचारत नाही. याच प्रश्नाच्या उत्तरावर माझं ठरलं. एकूण एक पिल्लाला, मादीलासुद्धा, लस आणि पुढे नसबंदीसकट सांभाळणारं घर मिळालं असतं, तर मी मैनेला वेत होऊ दिलं असतं. तशी घरं मिळाली नाहीत.

आता "एक वेत होऊ द्यावं." हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि माझ्या ओळखीच्या पशुवैद्यांपैकी एकानेही त्याला दुजोरा दिला नाही. व्यायल्याने कुत्रीचं आरोग्य सुधारतं याला आधार नाही. उलट लहान चणीच्या पॉमेरियनसारख्या कुत्रीला मोठा नर लागला तर पिल्लू अडू शकतं, आणि दूध पाजताना अंगातलं कॅल्शियम एकदम उतरून झटके येतात, काही तासांत जीव जाऊ शकतो. पिशवी तशीच ठेवण्यात जो धोका आहे तो मात्र घराघरांत माहीत नाही. माज ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांनी पिशवीत पू भरू शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री सारखं पाणी पिते, सारखी मुतते, खाणं सोडते, कधी मागून घाण जाते, कधी पिशवीचं तोंड बंद असल्याने काहीच जात नाही आणि नुसतं पोट फुगतं. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी साधारण चारातल्या एकीला दहा वर्षांच्या आत हे झालेलं निघालं. तेव्हा बहुतेक वेळा ऑपरेशन करावंच लागतं, फक्त ते आजारी, विष भिनलेल्या शरीरावर.

स्तनाच्या गाठींचंही सांगतात. पहिल्या माजाआधी पिशवी काढली तर गाठी जवळपास होतच नाहीत, असं १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासावरून सगळीकडे लिहिलं जातं. पुढे २०१२ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही असं निघालं. म्हणून त्यावर मी भर देत नाही. तोटेही आहेत: वजन वाढतं, काही कुत्र्यांची झोपेत लघवी गळते, आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचा त्रास वाढतो. तुमची गावठी कुत्री दोन-तीन वर्षांची आहे, मळाभर पळते. तिला यातलं फारसं काही लागू नाही.

"जिवाशी खेळ" या तुमच्या शब्दापाशी मी थांबले, कारण त्यात तथ्य आहे. पण ते केव्हा, हे महत्त्वाचं. माजावर असताना पिशवीच्या रक्तवाहिन्या टचटचीत भरलेल्या असतात, तेव्हा कापलं तर रक्त जास्त जातं. म्हणून घाईने दुसऱ्याच दिवशी टेबलावर घेणारा डॉक्टर मला नको होता. माज पूर्ण ओसरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिशवी अजून लहान असते, फार तर तिला मण्यांसारख्या गाठी आलेल्या असतात, आणि सराव असलेल्या हाताला ते साध्या नसबंदीपेक्षा थोडंच अवघड जातं. मैनेचं तेव्हाच केलं. सहाव्या आठवड्यानंतर चित्र पालटतं: पिशवी जड, रक्तपुरवठा मोठा, चीर लांब, सलाइनशिवाय भागत नाही. आणि शेवटच्या पंधरवड्यात कोणी मला विचारलं तर मी सांगेन, आता विऊ द्या, पिल्लं सुटल्यावर आणि दूध आटल्यावर ऑपरेशन करा. डॉक्टरांत यावर दुमत आहे, पण माझं मन तिथे तयार होत नाही. ठोके चौथ्या आठवड्यातही असतात आणि आठव्यातही, मग फरक काय, असं तुम्ही विचाराल. आठव्या आठवड्यात कुत्री जागा शोधायला लागलेली असते, पिल्लं बाहेर जगण्याच्या जवळ आलेली असतात. माझ्यासाठी तो फरक मोठा आहे.

औषधाने पाडायचा मार्ग तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी काढलाय, म्हणून लिहिते. लागल्यावर लगेच इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं इंजेक्शन देण्याची जुनी पद्धत होती. त्याने हाडातल्या मगजात रक्त तयार होणं थांबू शकतं, आणि पायोमेट्राला तर आमंत्रणच. माज येऊ नये म्हणून बायकांच्या गर्भनिरोधकाचं इंजेक्शन कुत्रीला टोचणारे लोक आहेत, त्यातूनही पिशवीत पू आणि स्तनात गाठी होतात. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाने गर्भ पडतो, पण ते कित्येक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावं लागतं, धाप, उलट्या, जुलाब होतात, आणि एवढं करून पुढच्या माजाला पुन्हा तेच. जिला पुढे मुद्दाम पिल्लं घ्यायची आहेत तिच्यासाठी ते ठीक. मेडिकलवाल्याला विचारून घरी काहीही टोचू नका, एवढी विनंती.

तुमचा आणखी एक मुद्दा होता, की सरकार रस्त्यावरच्यांची नसबंदी करतंच, मग घरच्या कुत्रीवर कशाला? २००१ च्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या नियमांपासून पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, २०२३ च्या नव्या नियमांतही तसंच आहे. आणि रस्त्यावरचं आजचं पिल्लू बऱ्याचदा कोणाच्या तरी दारातल्या कुत्रीचंच असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून एवढं रान उठलं. आधी सगळी उचला, मग नसबंदी आणि लस करून परत सोडा असा आदेश आला. तेव्हा मला आपल्या गल्ल्याच डोळ्यांसमोर आल्या.

आता तुमच्या कुत्रीकडे येते.

गड्याला पहिलं सांगा, अडकलेली जोडी काठीने, पाण्याने, दगडाने सोडवायची नाही. नराची गाठ आत फुगलेली असते, ओढलं तर दोघांनाही जखम होते. आणि त्याने गर्भ राहणं थांबत नाही, कारण अडकायच्या सुमारासच वीर्य गेलेलं असतं आणि ते आत आठवडाभरही टिकतं. तेव्हा काठी घातली म्हणून निश्चिंत राहू नका. आठवडाच झालाय म्हणजे माज अजून असेल, तिला घरात किंवा दार लागणाऱ्या खोलीत ठेवा. ती आणखी कुत्र्यांना लागली तर एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्लं होऊ शकतात.

राहिलंय की नाही हे आज कोणीच सांगू शकणार नाही. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी करा. पोट आणि सड पाहून अंदाज बांधू नका, गर्भ नसलेली कुत्रीही दूध उतरवते आणि चिंध्यांची घरटी करते. तिच्या अंगात बहुतेक संप्रेरकं दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच असतात.

तुम्ही केळीचे मळे सांभाळता, सातपुड्याच्या पायथ्याला. रानडुकरं येतात, बिबट्या येतो. तुम्हाला कुत्री लागतात, हे मला शहरातल्या माणसासारखं समजावून द्यावं लागत नाही, माझं माहेर तिकडचंच. म्हणून मी तुम्हाला "ऑपरेशन कराच" असं सांगत नाही. एक कागद घ्या. शेजारच्या मळ्यांतून कोण किती पिल्लं नेणार, मादी नेणार का, लसीचे पैसे कोण भरणार, ते नावानिशी लिहून घ्या. पुरेशी नावं झाली तर होऊ द्या वेत, मी एका शब्दाने नाव ठेवणार नाही. फक्त ती विल्यावर दीड-दोन महिन्यांनी, पिल्लं सुटली की, तिचं ऑपरेशन करा, आणि रात्री पिल्लं उघड्यावर ठेवू नका, बिबट्याला ती आधी सापडतात. नावं झाली नाहीत तर मुलाचं ऐका, आणि वेळ घालवू नका. अजून दोन ते तीन आठवडे तुमच्या हातात आहेत.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बहुतेक काम गाई-म्हशी आणि बैलांचं चालतं. तिथले डॉक्टर चांगले असतात, पण कुत्रीची पिशवी काढायचा सराव प्रत्येकाला असेलच असं नाही. जिथे न्याल तिथे सरळ विचारा: गाभण कुत्रीचं याआधी केलंय का, आधी रक्त तपासणार का, ऑपरेशनभर सलाइन लावणार का, नंतर दुखण्याचं औषध किती दिवस देणार. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर सोडून द्या. ती कुठल्याही नराला लागली असल्याने मागच्या बाजूला फुलकोबीसारखी गाठ किंवा रक्ताचे थेंब पुढचे काही महिने बघत राहा. तशी गाठ कर्करोगाची असू शकते; तो जोडी लागताना एकातून दुसऱ्यात जातो, आणि वेळेत आलं तर व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या, आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. रेबीजची लस राहिली असेल तर तीही विचारून घ्या, भांडणात तिला चावे बसले असतील.

ऑपरेशन झाल्यावरही काही दिवस तिच्या अंगाला वास असतो, नर येत राहतात. दोन आठवडे तिला त्यांच्या हाती लागू देऊ नका, आतले टाके तुटतात. थोडं दूध उतरलं तर घाबरू नका, पिळू नका, आपोआप आटतं.

जळगावला जाताना भुसावळवरून जाणार असाल तर मुलाला इथेच खाली निरोप टाकायला सांगा. टाके चाटू नयेत म्हणून घातलेली मैनेची मानेची कॉलर अजून धुऊन ठेवलेली आहे, तुमच्या कुत्रीला बसेल. आदल्या रात्री जेवण झाल्यावर तिला भाकरीचा तुकडासुद्धा कोणी टाकणार नाही, हे मात्र गड्याला बजावून ठेवा.