चेंडू हलला नाही

चूक माझीच आहे, हे आधी कबूल करतो. म्हणजे पुढे ठेकेदाराला शिव्या घालायला मन मोकळं राहील.

मालवणच्या बाजूला, रस्त्याच्या खालच्या अंगाला आमचं घर. फाटकापासून पडवीपर्यंत 36 फूट लाल मातीची वाट. पावसात तिथे पाहुण्यांची गाडी रुतायची आणि ढकलणाऱ्याच्या सदऱ्यावर मागच्या चाकातून नक्षी उमटायची. एप्रिलमध्ये ठरवलं, पेव्हर ब्लॉक टाकायचे. 60 मिलिमीटर जाडीचे, अर्धे लाल, अर्धे करडे.

घरापुढच्या अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. ठेकेदाराला मी एकच अट घातली. "खळं कॅरमबोर्डासारखं व्हायला पाहिजे." बिचाऱ्याने मनावर घेतलं. कामगारांनी पाणी भरलेल्या नळीने लेव्हल काढली, दोऱ्या ताणल्या, कच पसरला, ब्लॉक ठोकून बसवले, वरून धडधडणारं मशीन फिरवलं. काम संपल्यावर मी पोराचा रबरी चेंडू मधोमध ठेवला. इकडे नाही, तिकडे नाही. मी टाळी वाजवली, चेंडूचा फोटो काढून दादाला मुंबईला पाठवला आणि पैसे चुकते केले. आई तेवढी पडवीतून म्हणाली, "तुझे बाबा मिरगाआधी हय चर मारीत." मी म्हटलं, आई, तो मातीचा जमाना होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. चेंडू जिथून हलला नव्हता, तिथून पाणी तरी कशाला हलेल? त्यात रस्त्यावरचं पाणी फाटकातून, आमंत्रण दिल्यासारखं आत आलं. दोन तासांनी पहिली लाट पडवीच्या पायरीला लागली. चपला निघाल्या, त्यामागून केरसुणी. मृगाचं यंदाचं वाहन पंचांगात काय लिहिलं होतं कोण जाणे, आमच्या वाहनाखाली मात्र बेडकांची सभा भरली होती.

शेजारचे काका गडग्यावरून डोकावले. "काय रे, तळी बांधलंस? मासे कदी सोडतलंस?"

त्या रात्री वीज नव्हती, म्हणून मी हिशोब केला. 36 फूट गुणिले 12 फूट, म्हणजे साधारण 40 चौरस मीटर. दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस पडला (आणि आमच्याकडे तो पडतो, वर्षाचा आकडा 3000 च्या वर जातो) तर 4000 लिटर पाणी नुसतं त्या ब्लॉकांवर. मे महिन्यात याच पाण्यासाठी मी टँकरवाल्याला दिवसातून तीनदा फोन करत होतो.

ठेकेदाराला फोन लावला. "सायबानू, टेन्शन घेव नकात. एक पाव्स खाव दे, आपोआप बसतले."

बसले. एवढं त्याचं खरं. फटींतून पाणी खाली गेलं, खालचा कच वाहून गेला आणि गाडीची चाकं जिथून जातात तिथे दोन लांबलचक पाट तयार झाले. काही ब्लॉक मात्र अधांतरी राहिले. कडेला पाय पडला की ब्लॉक कलतो, 'पचक' असा आवाज होतो आणि खालच्या गढूळ पाण्याची पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत. दिसायला सगळे सारखेच, पण मला आता पाठ आहेत. फाटकापासून तिसऱ्या ओळीतला लाल, त्यापुढचे दोन करडे आणि पायरीजवळचा तो नालायक. पोस्टमनला मी ओरडून सांगायचो, "डावीकडून या! आता उजवीकडे!" तो लंगडी घालत यायचा. जुलैत शेवाळ धरलं, तेव्हा लंगडीही बंद झाली. पत्रं फाटकाला अडकू लागली.

जाणकारांकडून मग कळलं की ब्लॉकला दर 60 फुटांना निदान 1 फूट उतार लागतो. सरळ घराकडे नको असेल तर आडवा द्यायचा. आमच्या 12 फूट रुंदीला तो येतो जेमतेम अडीच इंच. एवढ्यासाठी हे रामायण! आणि उतार कुठल्या बाजूला, हाही प्रश्न आहेच. काकांच्या बाजूला दिला असता तर खळं सुकलं असतं, पण पुढच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसल्या असत्या.

ठेकेदार म्हणाला, सगळं उचलून परत बसवायचं तर दिवाळीनंतर, ओल्या कचात काम होत नाही. पण गणपती दारात. ओल्या शेवाळावरून मूर्ती आणायची या विचारानेच मला घाम फुटला. शेवटी पहार घेतली, पडवीसमोरची ब्लॉकांची एक अख्खी ओळ उचकटली आणि वीतभर खोल चर मारला. गडग्याखालून वाट काढून तो आमच्याच माडाच्या आळ्यात सोडला. आई पडवीत बसून बघत होती. काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाबा थोडो डावीकडे मारीत." मी चर डावीकडे वळवला. पाणी आज्ञाधारक मुलासारखं निघून गेलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा मुंबईहून आला. गाडीतून उतरला, चेंडूच्या फोटोतलं ते खळं आता प्रत्यक्ष बघितलं, चरापाशी येऊन थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "एक ओळ टाकायला पैसे कमी पडले तर सांगायचं ना रे."