रेटिंग अडलं म्हणून कोच बदलायचा?
सहा महिन्यांत मुलाचं बुद्धिबळाचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) वाढलं नाही तर कोच बदला, हा एका लेखातला सल्ला घाईचा वाटतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) 2300 रेटिंगच्या खाली 40 असतो. बरोबरीच्या मुलाकडून एक डाव हरला की थेट 20 गुण जातात. दोन स्पर्धा बिघडल्या की शंभरेक गुण गायब! त्यात समोरचा 1450 वाला चिमुरडा खेळतो मात्र 1800 सारखा. (मार्च 2024 मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, 2000 च्या खालच्यांना गुण वाढवून दिले, 1500 चे 1700 झाले, तरी रेटिंग कमी आणि खेळ भारी, हे चालूच आहे.) आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 चा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचंही रेटिंग, या किताबासाठी एरवी लागणाऱ्या 2500 च्या आतच होतं. हॉलबाहेर मोबाईलवर गुण मोजत बसणाऱ्या पालकांनी त्यापेक्षा पोराची स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) बघावी, विसाव्या चालीला घड्याळात किती मिनिटं उरली होती ते विचारावं.